तळ्याचं नाव आणि पिवळं कमळ

आमच्या हजेरीपटात कमळं भरपूर असायची. पंकज, नीरज, राजीव, अरविंद, सरोज, पद्मा, कुमुद... एका वर्गात तर दोन पंकज आणि एक पद्माकर होता. मराठी शिकवताना समानार्थी शब्दांत 'कमळ' हमखास यायचं. मुलं पाच-सहा शब्द धडाधड म्हणून दाखवायची. मग मी विचारायचो, "यातलं एक तरी कोणी तळ्यात उगवलेलं पाहिलंय का रे?" वर्ग गप्प. एखादा हात वर यायचा तो आजोळी तळं असलेल्या पोराचा. शब्द सहा आणि फूल एकही नाही, अशी आपली गंमत आहे.

हे आज आठवायचं कारण, गेल्या महिन्यात जवळच्या एका गावची चार तरुण मंडळी घरी आली. त्यातले दोघे माझे विद्यार्थी. गावच्या तळ्याचं सुशोभीकरण करायचं ठरतंय. चारी बाजूंनी सिमेंटची भिंत, फिरायला फरशीचा रस्ता, मध्ये कारंजं, आणि पुण्याच्या नर्सरीतून मागवलेली पिवळी कमळं. गुत्तेदाराने मोबाईलवर फोटो पाठवले होते. खरोखर देखणी फुलं होती, हळदीसारखी पिवळीधमक. "सर, तुम्ही भाषेचे माणूस. तळ्याला एखादं चांगलं नाव सुचवा. पीतकमल सरोवर कसं वाटतं?"

मी नाव सुचवलं नाही. दोन दिवसांनी सांगतो म्हणालो. दोन दिवसांचे पंधरा झाले, कारण विचार करता करता मत पक्कं होत गेलं. ते असं, की फूल विकत आणून तळ्याला त्याचं नाव देणं हा उलटा व्यवहार आहे. आधी तळ्यात काय उगवतं ते बघावं, मग नाव ठेवावं. आणि जे आपणहून उगवलंय त्याला मारून तर नवीन काही लावूच नये.

हे नुसतं म्हाताऱ्याचं कुरकुरणं वाटू नये म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिवळं कमळ जगात नाही असं नाही. त्याचं स्वतःचं घर आहे, इतकंच. माझी नात अमेरिकेत डेन्व्हरला असते. तिथून जवळ रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे, १९१५ साली स्थापन झालेला. त्यातल्या एका लहान तळ्याचा फोटो तिने पाठवला होता, "आबा, तुमच्यासाठी पिवळं कमळ." तळ्याचं नाव निम्फ लेक. उंची सुमारे ९,७०० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे तिच्या पावणेदोन पटीहून थोडं जास्तच! हिवाळ्यात हे तळं गोठून जातं, वर बर्फ साठतो. बर्फ वितळला की पाण्यावर ढालीएवढी हिरवी पानं येतात आणि मध्ये वाटीसारखी पिवळी फुलं.

या फुलाचं शास्त्रीय नाव नूफर पॉलिसेपाला. पॉलिसेपाला म्हणजे पुष्कळ निदलं असलेलं. आपल्याला ज्या पिवळ्या पाकळ्या वाटतात त्या पाकळ्या नव्हेतच, ती निदलं. खऱ्या पाकळ्या आत केसरांच्या गर्दीत लपलेल्या असतात, बारीकशा. पूर्वी शास्त्रज्ञ याला निम्फिया पॉलिसेपाला म्हणत. त्या जुन्या नावातल्या निम्फियावरून तळं झालं निम्फ लेक. फूल तिथे आधीच होतं, नाव मागून आलं. नावाची ही सरळ रीत.

निम्फ म्हणजे ग्रीक लोकांच्या पाण्यात राहणाऱ्या देवता. ते वाचलं आणि मला आपल्या साती आसरा आठवल्या. विहिरीच्या, तळ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड. आसरा हा शब्द अप्सरेवरूनच आला. म्हणजे नात गेलेलं ते तळं मराठीत सांगायचं तर 'आसरांचं तळं' झालं. लहानपणी आम्हाला भीती घालायचे, "त्या अंगाला जाऊ नका, आसरा ओढून नेतात." त्या भीतीने लेकरं खोल पाण्यापासून लांब राहिली आणि तळ्याचा तो कोपराही माणसाच्या पायाखाली आला नाही. नव्या आराखड्यात त्या कोपऱ्यात सेल्फी पॉइंट आहे. असो.

नूफर हा शब्द तर आणखी गमतीचा आहे. मूळ संस्कृत नीलोत्पल, म्हणजे निळं कमळ. तो फारसीत गेला, अरबीत गेला, नीलूफर झाला. तिथून युरोपात लॅटिनमध्ये पोचला आणि शेवटी एका पिवळ्या फुलाला चिकटला. निळ्याचं पिवळं झालं, पण शब्द आपलाच. आम्ही उमरग्याची माणसं जुन्या हैदराबाद संस्थानातली. निलोफर हे नाव आम्हाला परकं नाही. हैदराबादच्या लहान मुलांच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचं नाव निलोफर, निजामाच्या धाकट्या सुनेवरून ठेवलेलं.

शब्द असा देशोदेशी फिरू शकतो. कुठेही गेला तरी तो कोणाची जागा अडवत नाही. झाडाचं तसं नसतं. ते कुठल्यातरी एका पाण्याशी, एका चिखलाशी, एका थंडी-उन्हाशी बांधलेलं असतं. हेच नूफर बघा ना. त्याचा कंद मनगटाएवढा जाड, तळाच्या चिखलात आडवा पडलेला. त्या चिखलात हवा नाही. मग कंद श्वास कसा घेतो? जॉन डेसी नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने याच जातीच्या एका पिवळ्या भावंडावर अभ्यास करून १९८० साली ते उलगडलं. उन्हाने तापलेली कोवळी पानं हवा आत ओढतात. ती हवा देठातून खाली कंदापर्यंत जाते आणि जुन्या पानांच्या देठातून वर येऊन बाहेर पडते. एका रोपातून दिवसाला बावीस लिटरपर्यंत हवा अशी फिरते. तरुणांनी आत घ्यायचं, म्हाताऱ्यांनी बाहेर सोडायचं, आणि दोघांच्या मधे चिखलातलं मूळ जगायचं. आमच्या वयाच्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

आणि फूल शोभेचंही नव्हतं तिथे. ओरेगॉन राज्यातल्या क्लॅमथ जमातीचे लोक लहान होड्या घेऊन दलदलीत जायचे, या झाडाची बोंडं गोळा करायचे, बिया काढून भाजायचे. त्याला ते 'वोकस' म्हणतात. ते त्यांचं मुख्य धान्यांपैकी एक होतं. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यावर सविस्तर लिहून ठेवलंय. आपण उपवासाला शिंगाडा खातो, तसंच म्हणा. झाड, माणूस आणि पाणी यांची अशी पिढ्यानपिढ्यांची ओळख असली की त्याला त्या जागेचं झाड म्हणायचं. कुंडीतून उतरवून उद्घाटनाच्या दिवशी सोडलेलं झाड तसं होत नाही.

मग आपल्याकडे, महाराष्ट्रात, उंचावरच्या तळ्यात फुलणारं असं काही आहे का? आहे की! आणि तिथेही तळ्याला नाव फुलावरूनच पडलंय.

साताऱ्याच्या वर कासचं पठार आहे, साधारण १,२०० मीटर उंचीवर. जांभ्या खडकाचा सपाट माळ, वर बोटभर माती. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. तेव्हापासून कासला गर्दी आहे. पण बरेच लोक रस्त्यालगतची फुलं बघून परत फिरतात. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने पायी थोडं आत गेलं की एक उथळ तळं लागतं. त्याचं नाव कुमुदिनी तळं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते पांढऱ्या फुलांनी भरून जातं. फूल रुपयाएवढं. पाकळ्यांच्या कडांना पिसासारख्या झालरी. आणि मधोमध गळ्याशी पिवळा रंग, जणू हळदीचं बोट लावलंय. सकाळी उमलतं, एका दिवसाचं आयुष्य. दुसऱ्या दिवशी दुसरी फुलं.

ही कुमुदिनी, शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका, म्हणजे 'निम्फियासारखी दिसणारी'. दिसते तशी, पण नातं अजिबात नाही. पान हृदयाकृती, पाण्यावर तरंगणारं, म्हणून आपण तिला कमळाच्या रांगेत बसवतो. वनस्पतिशास्त्र सांगतं की ती सूर्यफुलाच्या गणातली आहे. म्हणजे आमच्या उमरग्याच्या काळ्या रानातली करडई तिची दूरची नातेवाईक! कुमुद आणि नूफर हे सपुष्प वनस्पतींच्या अतिशय जुन्या शाखेतले. आणि खरं कमळ, लक्ष्मीच्या हातातलं, त्याचं जवळचं नातं काश्मीरच्या चिनार वृक्षाशी. तीन वेगवेगळ्या घराण्यांतली झाडं एकाच पाण्यात राहून राहून एकसारखी दिसू लागली. एका वाड्यात भाड्याने राहणारी तीन बिऱ्हाडं जशी बोलायला सारखी होतात, तसं.

कासच्याच डबक्यांत आणि ओल्या जागी आणखी एक झाड आहे, वायतुरा. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुहेरी तुरा, म्हणून हे नाव. शास्त्रज्ञांनी १९८२ साली त्याची नोंद केली आणि साताऱ्यावरून नाव दिलं अपोनोजेटन सातारेन्सिस. ते सह्याद्रीतल्या पठारांखेरीज जगात कुठे नाही. पावसाळा संपला, पाणी आटलं, की कंद मातीत दडून बसतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो. त्याला कोणी लावत नाही, पाणी घालत नाही. फक्त ती जागा तशीच राहिली पाहिजे, एवढीच त्याची मागणी.

कुमुदिनीचं तसं नाही. ती दुर्मीळ नव्हे, देशभर उथळ पाण्यात सापडते. पिवळीच बहीण हवी असेल तर काश्मीरच्या दल सरोवरात आहे. पण दुर्मीळ नसूनही तिने एका तळ्याला नाव दिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. कोणीतरी आधी पाहिलं, इथे काय फुलतं ते.

आता नर्सरीतल्या पिवळ्या कमळाकडे येऊ. त्याची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. युरोपातल्या बागांत थंडी सोसणारी कमळं एकेकाळी पांढरीच असत. फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक नावाच्या माणसाने (हो, लातूरच! आमच्या लातूरशी संबंध काही नाही, पण वाचताना मी हसलो) मेक्सिकोच्या पिवळ्या कमळाशी संकर करून रंगीत जाती तयार केल्या. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्या मांडल्या. चित्रकार मोने त्यांवर लुब्ध झाला आणि आपल्या तळ्यासाठी त्याने त्या मागवल्या. पुढची चित्रं जगाने पाहिली. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा पिवळ्या जातींत ते मेक्सिकोचंच रक्त आहे.

बागेतल्या हौदात ती लावा, माझं काही म्हणणं नाही. माझ्याही अंगणात परदेशातून आलेली बोगनवेल आहे. पण गावतळं म्हणजे हौद नव्हे. मेक्सिकोचं हे मूळ पिवळं कमळ चिखलात धावते फुटवे सोडून पसरतं. दक्षिण आफ्रिकेच्या पाण्यात ते उपद्रवी तण होऊन बसलंय. आणि लांब कशाला जायचं? आपल्या नद्या झाकून टाकणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आली ती तिच्या जांभळ्या फुलांसाठीच, शोभेची म्हणून. आज ती काढायला गावोगावी पैसा खर्च होतो. पिवळं कमळ तसंच करील असं मी म्हणत नाही. पण तळ्यात सोडलेली वस्तू परत घेता येत नाही, एवढं तरी शहाण्या माणसाने लक्षात ठेवावं.

यावर त्या मंडळींचा एक प्रश्न बिनतोड होता. "सर, फुलांचं काय घेऊन बसलात? आमच्या भागात पाणी प्यायला नसतं."

खरं आहे. आम्ही मराठवाड्याची माणसं. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. हे तळंही हौसेचं नाही. ७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, डोक्यावर माती वाहिली, तेव्हा हा पाझर तलाव झाला. आमच्यापेक्षा वडील पिढीने त्यासाठी घाम गाळलाय. म्हणून मी साफ सांगितलं, पाणी पहिलं, फूल नंतर. गाळ काढा, बांधाला दगडी पिचिंग करा, सांडवा दुरुस्त करा. त्याला माझा विरोध नाही, उलट मीही वर्गणी देतो.

पण मग कारंजं कशाला? पिवळ्या कमळाच्या कुंड्या कशाला? उन्हाळ्यात हे तळं आटतं. तेव्हा ती कमळं टँकरच्या पाण्यावर जगवणार का? माणसांना टँकर आणि फुलांनाही टँकर?

उलट या तळ्यात जे पांढरं कुमुद आहे ना, ते कोणी आणलं नाही. तलाव बांधून झाला, दोन-चार पावसाळे गेले आणि ते आपणहून आलं. ओढ्याच्या पाण्याने आलं, पाखरांच्या पायाला लागून आलं, देव जाणे. संध्याकाळी उमलतं, दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटतं. त्याच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी टुणटुण चालत जातो. तळं आटलं की कुमुदाचे कंद भेगाळलेल्या चिखलाखाली झोपतात आणि मृगानंतर पाणी साठलं की उठतात. दुष्काळ त्याला नवा नाही. आमच्यासारखंच आहे ते. आमच्या भागाला शोभेल असं फूल याहून दुसरं कोणतं असणार?

त्याला हवं काय? काठाचा उतार. गुडघाभर पाणी, पायाखाली गाळ. चारी बाजूंनी उभी भिंत घातली की हा उतार संपला. मग कुमुद गेलं, बेडूक गेले, पाखरं गेली, आणि पाणी प्यायला उतरणारी ढोरंही गेली. उतार ठेवल्याने साठा फारसा कमी होत नाही. खर्च मात्र वाचतो.

तेव्हा त्या मंडळींना मी लेखी कळवलं. एक, बांध पक्का करा, पण ओढ्याकडची बाजू कच्ची राहू द्या. दोन, गाळ सगळा एकाच वर्षी काढू नका. अर्धा यंदा, अर्धा पुढच्या वर्षी. ज्या भागात कुमुदाचे कंद आहेत तो शेवटी, आणि काढाल तेव्हा कंद बाजूला ठेवून परत चिखलात दाबा. तीन, आसरांचा कोपरा आहे तसा राहू द्या. देवावर विश्वास असो वा नसो, पाखरांना तो लागतो. चार, पिवळ्या कमळांचे पैसे शाळेला द्या. त्यातून मास्तरांनी पोरांना पावसाळ्यात एकदा तळ्यावर न्यावं आणि काय काय उगवलंय ते वहीत लिहायला लावावं. फूल ओळखता आलं नाही तर चित्र काढावं.

दोघांना पटलं. एकजण म्हणाला, "सर, भिंत नाही तर बिल कशाचं काढायचं?" चौथा काही बोलला नाही. विषय पुढच्या ग्रामसभेत येणार आहे. सभेत माझं म्हणणं टिकेल की नाही ते सांगता येत नाही. कुंड्यांची आगाऊ रक्कम म्हणे देऊनही झालीय.

तुमच्याही गावात असं तळं असेल, बारव असेल, ओढ्यातला डोह असेल. सुशोभीकरणाचा फलक लागण्याआधी एकदा काठावर जाऊन बसा. काय तरंगतंय, काय उमललंय, कोण पाणी प्यायला येतंय ते पाहा. गावातल्या जुन्या बायकांना विचारा, त्यांना नावं ठाऊक असतात.

आणि हो, तळ्याच्या नावाचं राहिलंच. मला विचाराल तर 'कुमुद तळं'. दोन साधे शब्द, पाटीवर मावतात. फक्त पाटी लागेल त्या दिवशी तळ्यात कुमुद असायला हवं.